डिस्प्लेवर 'इंजिन कंट्रोलरशी संपर्क नाही' असा कोड आला की ईसीयू बदलायचा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पोकलेन चालता चालता डिस्प्लेवर इंजिन कंट्रोलरशी संपर्क तुटल्याचा कोड येतो, आरपीएम शून्य दिसतो, कधी इंजिनही बंद पडतं. चावी बंद करून पुन्हा फिरवली की तासभर सगळं ठीक. मेकॅनिक म्हणतो ईसीयू (म्हणजे इंजिनचा कंट्रोलर) गेला, नवा टाका. टाकावा का?

आज तरी नको. असा कोड वाचताना सगळ्यांचीच एक गफलत होते. कोण गप्प बसलाय एवढंच तो सांगतो, का गप्प बसलाय ते नाही. बऱ्याच मशीनवर जे१९३९ या जड वाहनांच्या ठरलेल्या पद्धतीचे कोड असतात: एसपीएन म्हणजे कशाबद्दल तक्रार आहे त्याचा नंबर, एफएमआय म्हणजे दोष कोणत्या प्रकारचा त्याचा. त्यात एसपीएन ६३९ म्हणजे कॅन लाइनचीच (कंट्रोलर ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात तिची) तक्रार, आणि एफएमआय ९ म्हणजे अपेक्षित संदेश वेळेवर येत नाही. ही तक्रार दुसरा कंट्रोलर नोंदवतो. तेव्हा आधी डिस्प्ले, पंप कंट्रोलर, इंजिन अशा सगळ्यांचे कोड कागदावर उतरवून घ्या. सगळे मिळून एकाच्याच नावाने ओरडत असतील तर त्या एकाची वायर, सप्लाय आणि अर्थ (बॉडीला जाणारी निगेटिव्ह वायर) बघा. सगळेच एकमेकांच्या नावाने ओरडत असतील तर मुख्य लाइन बघा.

लाइन तपासायला लॅपटॉप लागत नाही, साधा मल्टिमीटर पुरतो. मेन स्विच बंद करा, कंट्रोलर पूर्ण झोपेपर्यंत दोनेक मिनिटं थांबा आणि डायग्नोस्टिक सॉकेटवर कॅन हाय आणि कॅन लो यांच्यामध्ये ओहम मोजा. नऊ पिनच्या गोल सॉकेटवर बहुधा सी आणि डी या त्या पिना असतात, पण सर्किट डायग्राम बघूनच हात घाला, कारण एका मशीनवर दोन-तीन कॅन लाइन असू शकतात. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही समांतर, म्हणून मीटरवर ६० च्या आसपास दिसायला हवं. १२० दिसलं तर एक टोक तुटलंय किंवा तिकडचा रेझिस्टर गायब आहे. ४० दिसलं तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर लावून ठेवलाय (नवीन हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, टाकल्यावर हे होऊ शकतं). शून्याजवळ असेल तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. काही मशीनवर हा रेझिस्टर ईसीयूच्याच पोटात असतो. तो ईसीयू काढून मोजाल तर १२० येणारच, ते पाहून लाइन तुटली असं समजू नका.

१२० आलं तर तुटलंय कुठे ते शोधायला सबंध हार्नेस उसवायची गरज नाही. मुख्य लाइनवरचा मधला एखादा कनेक्टर सोडवा आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा. चांगल्या बाजूला १२० येईल, वाईट बाजूला ओपन. मग त्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं.

आता चावी चालू करून दोन्ही वायरींचे व्होल्ट अर्थच्या हिशोबाने मोजा. हाय अडीच व्होल्टच्या किंचित वर आणि लो किंचित खाली, म्हणजे साधारण २.७ आणि २.३ असं काहीतरी दिसेल. दोन्ही अगदी सारखे अडीच असतील तर लाइनवर कुणी बोलतच नाहीये, किंवा दोघी शॉर्ट आहेत. एक शून्यावर बसली असेल तर ती बॉडीला टेकलीय. २४ च्या दिशेला गेली असेल तर सप्लायला. अशा वेळी एकेक कंट्रोलर सोडवत जा. ज्याच्या सुटण्याने व्होल्ट ताळ्यावर येतात तो किंवा त्याची शाखा दोषी.

तुमचा दोष येतो-जातो, म्हणून ६० ओहम आणि व्होल्टही बरोबर दिसतील अशी तयारी ठेवा. मी नेमका इथेच फसलो होतो. एका लोडरवर हाच कोड, लाइन अगदी ठणठणीत, मग मीच मालकाला ईसीयू बदलायला सांगितलं. नवा बसवला, प्रोग्रॅमिंग झालं, दुसऱ्या दिवशी दुपारी तोच कोड. तेव्हा कुठे सप्लायकडे वळलो. ईसीयूचा कनेक्टर काढून सप्लाय आणि अर्थच्या पिनांमध्ये मीटर लावला तर पूर्ण बॅटरी व्होल्टेज. त्याच जागी २४ व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब लावला, तर फिलामेंट नुसतं लालसर झालं. मीटरला जवळजवळ करंट लागत नाही, वायरमधली एकच तार शाबूत असली तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवतो. बल्ब लोड मागतो, म्हणून तो खरं बोलतो. अर्थची वायर पकडून चासीपर्यंत गेलो. बोल्ट घट्ट होता, पण लगखाली (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) रंगाचा थर आणि त्यावर हिरवी गंजपूड. सँडपेपर मारला, लख्ख धातू दिसेपर्यंत घासलं, बोल्ट आवळला. बल्ब झगझगीत. जुना ईसीयू परत बसवला, तो मजेत चालला. मालकासमोर मान वर करून उभं राहणं मात्र अवघड गेलं.

म्हणून तुम्ही बल्बची चाचणी आधीच करा. कनेक्टर काढण्याआधी इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या निगेटिव्हपासून ईसीयूच्या अर्थ वायरपर्यंत व्होल्टही मोजा. तिथे अर्धा व्होल्ट दिसत असेल तर अर्थ साफ केल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग इंजिन आयडलवर ठेवून एकाने डिस्प्लेकडे बघत राहायचं आणि दुसऱ्याने हार्नेस हलवत जायचं. फिरत्या आणि गरम भागांपासून हात लांब. क्लॅम्पजवळ, केबिनखाली आणि पंपाशेजारी होजला घासणाऱ्या जागी विशेष लक्ष द्या. प्रेशर वॉशरने धुतल्यावर दोष सुरू झाला असेल तर कनेक्टर उघडून आत पाणी आहे का बघा. मशीनवर वेल्डिंग झालं होतं का, हेही ऑपरेटरला विचारा. तो आपणहून सांगत नाही.

आणि मीटरचा जाड प्रोब फीमेल पिनमध्ये खुपसू नका. पिन सैल होते आणि मग तुम्हीच तयार केलेला नवा दोष तुम्हीच शोधत बसता. वायरच्या मागच्या बाजूने बारीक सुई घाला किंवा त्याच मापाची जोडपिन वापरा.

बल्ब झगझगीत पेटतोय, लाइनवर ६० ओहम आहेत, हार्नेस हलवून काही होत नाही, आणि तरीही तोच एक कंट्रोलर गप्प बसतोय, तर ईसीयूचं नाव घ्या. तोवर त्या मेकॅनिकला विचारा, त्याने अर्थचा बोल्ट उघडून पाहिला होता का.