वाचकांचे प्रश्न : चौदाशे डॉलरचा शॉर्टस्टॉप

प्रश्न : मुलीकडे सिनसिनाटीला काही महिने राहून आलो. तिथे १८६९ च्या ‘रेड स्टॉकिंग्ज’चा पहिला व्यावसायिक बेसबॉल संघ म्हणून मोठ्या अभिमानाने उल्लेख होतो आणि त्या संघातील शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावपटूच्या थांब्यांच्या, मध्ये उभा राहणारा क्षेत्ररक्षक) जॉर्ज राइट याचे नाव आवर्जून घेतले जाते. पैसे घेऊन बेसबॉल खेळणारा तोच पहिला का? ५७ सामन्यांत ४९ होम रन (एकाच फटक्यावर सगळे बेस पार करून काढलेली धाव) आणि ०.६३३ ची फलंदाजीची सरासरी हे त्याचे आकडे खरे मानावेत का? पुढे त्याचे काय झाले? — एक वाचक, सातारा

उत्तर : पैसे घेणारा तो पहिला नव्हे. ब्रुकलिनच्या एक्सेल्सियर क्लबने जिम क्रेटन या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) १८६० च्या सुमारास गुपचूप मोबदला दिला असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि खुद्द जॉर्जलाही १८६९ पूर्वी खेळासाठी काहीतरी मिळत असणार हे उघड आहे. १८६७ मध्ये तो वॉशिंग्टनच्या नॅशनल्स क्लबकडून खेळत असे. पगारी खेळाडूंना तेव्हा बंदी असल्यामुळे क्लबच्या यादीत त्याची नोंद कारकून म्हणून केलेली होती आणि कामाचा पत्ता २३८, पेनसिल्व्हेनिया अॅव्हेन्यू असा दिलेला होता. त्या पत्त्यावर कचेरी नव्हती, सार्वजनिक बाग होती! नियम पाळल्याचे नाटक किती निर्धास्तपणे चालत असे, हे यावरून ध्यानात यावे.

१८६९ च्या हंगामापासून पगारी खेळाडूंना मान्यता मिळाली आणि सिनसिनाटीच्या क्लबने आपल्या दहाही खेळाडूंना उघडपणे पगार दिला. जॉर्ज तेव्हा बावीस वर्षांचा होता. १५ मार्च ते १५ नोव्हेंबर या आठ महिन्यांसाठी त्याला १४०० डॉलर ठरले होते, तर संघाचा कर्णधार, म्हणजे त्याचाच थोरला भाऊ हॅरी, याला १२०० डॉलर. धाकट्याला थोरल्यापेक्षा, आणि तेही कर्णधारापेक्षा, जास्त पगार मिळावा यात त्या दोघांना काही वावगे वाटले नसावे, कारण खेळावर पोट भरणे त्यांच्या घराला नवे नव्हते. वडील सॅम्युएल राइट हे मूळचे इंग्लंडमधील शेफील्डचे, न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबचे पगारी खेळाडू. हॅरीदेखील सिनसिनाटीला प्रथम आला तो तिथल्या क्रिकेट क्लबच्या नोकरीवर. अमेरिकी बेसबॉलमध्ये जो पगार लपवावा लागत होता तो क्रिकेटमध्ये राजरोस घेतला जात होता, आणि माझ्या मते हॅरीने तीच क्रिकेटची रीत बेसबॉलमध्ये आणली.

आकड्यांबाबत सावध राहावे. ते त्या काळच्या नोंदींवर आधारलेले असल्यामुळे निव्वळ दंतकथा म्हणून बाजूला सारता येत नाहीत. मात्र आजच्या आकड्यांशेजारी ठेवून त्यांची तुलना करणे व्यर्थ आहे. पिचर तेव्हा ४५ फुटांवरून, हात खालून आणून चेंडू टाकत असे (आज हे अंतर ६० फूट ६ इंच आहे), आणि समोरचे अनेक संघ गावोगावचे हौशी क्लब होते. त्या वर्षी सिनसिनाटी एकही सामना हरली नाही, हेही त्याच संदर्भात वाचावे. पराभव झाला तो पुढच्या वर्षी, १४ जून १८७० रोजी, ब्रुकलिनच्या अटलांटिक्सकडून, अकराव्या डावात ८-७ असा. पिचर चेंडू वळवू लागल्यावर जॉर्जची बॅट थंडावत गेली. १८७८ मध्ये त्याची सरासरी ०.२२५ इतकी खाली आली होती.

तरीही तो संघात हवाच असे, आणि त्याचे कारण त्याचे क्षेत्ररक्षण. खर्च पेलेना म्हणून सिनसिनाटीने पगारी संघ मोडला, तेव्हा दोघे भाऊ बॉस्टनला गेले आणि १८७२ ते १८७५ अशी सलग चार विजेतेपदे बॉस्टनने मिळवली. नॅशनल लीग या व्यावसायिक क्लबांच्या स्पर्धेचा पहिलावहिला सामना २२ एप्रिल १८७६ रोजी फिलाडेल्फियात झाला आणि त्यात पहिला बॅटर म्हणून जॉर्जच उभा राहिला. तो बाद झाला तो जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे चेंडू मारून, म्हणजे ज्या जागेवर त्याने नाव कमावले तिथेच! १८७७ आणि १८७८ मध्ये बॉस्टन पुन्हा विजेती ठरली. १८७९ मध्ये तो प्रॉव्हिडन्स या दुसऱ्या क्लबचा व्यवस्थापक झाला आणि त्याच वर्षी त्याने हॅरीच्या बॉस्टनला मागे टाकून विजेतेपद पटकावले.

यानंतरचा भाग फारसा सांगितला जात नाही, पण मला तोच महत्त्वाचा वाटतो. १८७९ च्या हंगामाअखेरीस क्लबमालकांनी आपसांत ठरवले की प्रत्येक क्लबने पाच खेळाडू राखून ठेवावेत आणि त्यांना इतर कोणी घेऊ नये. प्रॉव्हिडन्सने राखलेल्या पाचांत जॉर्ज होता. कराराचे जमले नाही, दुसरीकडे जाण्याची वाट बंद झाली, आणि १८८० मध्ये त्याच्या नावावर जेमतेम एक सामना लागला. उघड पगारावर हवे तिथे जाण्याची मुभा त्याच्या पिढीला दहा-अकरा वर्षेच लाभली. बॉस्टनमध्ये ‘राइट अँड डिट्सन’ हे क्रीडासाहित्याचे दुकान हाताशी असल्यामुळे त्याला घासाघीस करत बसण्याची गरज नव्हती. १८८२ मध्ये प्रॉव्हिडन्सकडूनच अखेरचा हंगाम खेळून तो पूर्णपणे धंद्यात उतरला. २१ ऑगस्ट १९३७ रोजी, नव्वदाव्या वर्षी, तो वारला आणि त्याच वर्षाअखेरीस बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (दिग्गजांच्या मानाच्या यादीत) त्याची निवड झाली.

प्रश्न : आमच्या शाळेतील मुलांना ‘इन्फील्ड फ्लाय’चा नियम पटत नाही. झेल सुटला तरी बॅटर बाद कसा, असे ती विचारतात. या नियमामागे जॉर्ज राइटची लबाडी आहे, हे खरे का? — एक क्रीडाशिक्षक, जळगाव

उत्तर : लबाडी नव्हे, तेव्हाच्या नियमात बसणारी चतुराई, आणि ती करणारा तो एकटाच नव्हता, तरी त्यात त्याचा हातखंडा होता. मुलांना मैदानावर उभे करूनच दाखवा. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर एकेक धावपटू ठेवा आणि शॉर्टस्टॉपच्या डोक्यावर उंच चेंडू उडवा. झेल घेतला जाणार म्हणून दोघे धावपटू बेसला चिकटून राहतील. जॉर्ज अशा वेळी उघड्या हातांची ओंजळ करी (हातमोज्यांचा प्रघात तेव्हा नव्हता), चेंडू तिच्यात घेतल्यासारखा करून अलगद पायाशी सोडी. झेल झालाच नाही म्हटल्यावर बॅटरला पहिल्या बेसकडे धावणे भाग, त्यामुळे पुढच्या दोघांनाही आपापली जागा सोडणे भाग. तोवर चेंडू धावपटूंच्या आधीच तिसऱ्या बेसवर आणि तिथून दुसऱ्या बेसवर पोहोचलेला असे आणि एकाच्या जागी दोघे बाद होत. हेच रोखण्यासाठी अशा चेंडूवर बॅटरला आपोआप बाद ठरवणारा, म्हणजेच धावपटूंना जागा सोडायला भाग न पाडणारा, नियम १८९० च्या दशकात आला. जॉर्ज तेव्हा बॉस्टनच्या फ्रँकलिन पार्कमध्ये गोल्फ रुजवण्याच्या खटपटीत होता.