पुरात घर पडलं, आता बाहेरच्या भिंती दगडाच्या बांधू का विटांच्या? पत्रा चालेल का?

पडक्या घराचा दगड फुकटात आहे म्हणून मोह होतोच, वापरा की भाऊ, पण जोत्यात आणि सिमेंटमध्ये. 1993 ला किल्लारीच्या भूकंपात नुसत्या दगडानं नाही, मातीच्या गाऱ्यानं घात केला, दोन-अडीच फूट जाड भिंत, आतला थर वेगळा बाहेरचा वेगळा, दोन्हीला बांधणारा आरपार दगड नाही अन् वर माळवदाचं (मातीच्या जड धाब्याचं) वजन, मग भिंत फाटणारच ना. बाहेरून नऊ इंची पक्की भाजलेली वीट घ्या (दोन विटा आपटल्या की खणखणीत वाजली पाहिजे) आणि दार-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींवर सलग आरसीसी बँड (लोखंडी सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा) फिरवा, मिस्त्री म्हणेल कशाला खर्च, ऐकू नका. एएसी ब्लॉक (आत हवेची बारीक छिद्रं असलेला सिमेंटचा ब्लॉक) हलका, भूकंपाला बरा, पण पाणी पितो, पूर येतो तिथं खाली नको. जोतं पुराच्या खुणेच्या वर घ्या. काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत पाया खोदा, नाहीतर कितीही भारी प्लास्टर करा, तडा जातोच. प्लास्टरला किमान 7 दिवस पाणी मारा. पत्रा छताला ठीक, पण हूक-वॉशरनं घट्ट आवळा, वर दगड ठेवू नका, वादळात तेच डोक्यात येतात.