वाचकांचे प्रश्न : नव्या प्लेट्स घालूनही क्लच का घसरतो?

प्रश्न : माझी मोटारसायकल मोठ्या व्ही-ट्विन इंजिनावर खास बांधून घेतलेली आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे असून त्यांना जोडणारा तीन इंच रुंदीचा दातेरी बेल्ट उघडा आहे आणि क्लच कोरडा, म्हणजे ऑइलमध्ये न बुडणारा आहे. गेल्या वर्षी चोर्ला घाट चढताना वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज चढत असे, पण गाडी वेग घेत नसे. गॅरेजमध्ये प्लेट्स झिजल्याचे निदान झाले आणि नव्या प्लेट्स बसवण्यात आल्या. आठ महिन्यांत पुन्हा तोच त्रास सुरू झाला आहे. दोनदा केबल ताणून घेतली, तरी फरक पडला नाही. आता पुन्हा प्लेट्स बदला असे सांगतात. गिअरबॉक्समधील ऑइलची मी नीट काळजी घेतो, ते नेहमी काठोकाठ भरलेले असते. गाडीखाली काही थेंब पडतात, पण अशा गाड्यांचे ते चालायचेच, असे ऐकले आहे. काय करावे? — एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटून दुसरी आणि तिसरी अशी दोन वाक्ये मला सर्वांत महत्त्वाची वाटली. प्लेट्सची मागणी नोंदवण्याआधी त्यांच्याकडे वळू या, कारण कोरड्या क्लचच्या प्लेट्स साध्या वापरात आठ महिन्यांत संपत नाहीत. त्या कशामुळे तरी संपवल्या जातात, आणि ते कारण तसेच राहिले तर तिसरा संचही त्याच वाटेने जाईल.

आधी केबलविषयी, कारण तिथे सरसकट उलटा उपाय केला जातो. लिव्हर दाबला की गिअरबॉक्सच्या पोकळ मेनशाफ्टमधून जाणारा पुशरॉड (ढकलणारी दांडी) प्रेशर प्लेटला, म्हणजे स्प्रिंगच्या जोराने सगळ्या प्लेट्स दाबून धरणाऱ्या तबकडीला, बाहेर ढकलतो आणि प्लेट्स सुट्या होतात. प्लेट्स झिजून पातळ झाल्या की प्रेशर प्लेट आत सरकते आणि पुशरॉडपाशी असलेली मोकळीक वाढण्याऐवजी कमी होत जाते. ती पूर्ण संपली की पुशरॉड प्रेशर प्लेटला सतत थोडे ढकलत राहतो, म्हणजे आपला हात लिव्हरवर नसतानाही क्लच किंचित दाबलेलाच असतो. अशा वेळी केबल आणखी ताणणे म्हणजे घसरणाऱ्या क्लचला अधिक घसरवणे होय. केबल ताणण्याचा उपाय गिअर अडकत असेल, न्यूट्रल सापडत नसेल, तेव्हाचा आहे. दोन्ही तक्रारी ‘क्लच गेला’ या एकाच शब्दप्रयोगात बसवल्या जातात, म्हणून हा घोटाळा होतो.

योग्य क्रम असा आहे. इंजिन पूर्ण थंड असताना केबल तिच्या अ‍ॅडजस्टरवर पूर्ण ढिली करावी. मग प्रेशर प्लेटच्या मधोमध असलेल्या स्क्रूचा लॉकनट सैल करून स्क्रू अलगद आत फिरवावा आणि तो टेकल्याचे हाताला जाणवताच थांबावे. तिथून अर्धा ते एक फेरा मागे घेऊन, स्क्रू हलू न देता लॉकनट आवळावा. त्यानंतर लिव्हर तीन-चार वेळा पूर्ण दाबून सोडावा, आणि शेवटी केबल एवढीच घ्यावी की लिव्हरपाशी तिच्या टोपणात आणि ब्रॅकेटमध्ये दीड ते तीन मिलिमीटर प्ले (मोकळी हालचाल) राहील. आपल्या बेल्ट-क्लचच्या किटसोबतच्या पुस्तिकेत वेगळे आकडे असतील तर तेच पाळावेत. हे काम अर्ध्या तासाचे आणि बिनखर्चाचे आहे, म्हणूनच बहुधा ते कोणी सुचवत नाही.

आता ऑइल. आपल्या बाबतीत खरा गुन्हेगार हाच असावा, असा माझा अंदाज आहे. गिअरबॉक्समध्ये ऑइल काठोकाठ भरणे ही काळजी नव्हे. मेनशाफ्ट पोकळ आहे, त्यातून पुशरॉड जातो, आणि पातळी प्रमाणाबाहेर गेली की ऑइल पुशरॉडच्या कडेने सरकत थेट क्लचच्या मध्यभागी पोहोचते. ओल्या क्लचला त्याचे काही वाटणार नाही, कोरड्या क्लचच्या प्लेट्स मात्र ते शोषून घेतात. गाडी सरळ उभी करून, डिपस्टिकच्या काडीने पातळी मोजून जादा ऑइल काढून टाकावे. काडी आटे बसवून मोजायची की नुसती टेकवून, हे गिअरबॉक्सच्या बनावटीवर अवलंबून असते आणि त्या एवढ्याशा फरकानेही पातळी चुकते.

बेल्ट उघडा असण्याचा एक मोठा लाभ असा की गळतीचा उगम डोळ्यांना दिसतो. इंजिन बंद करावे, बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, क्लच आणि पुलीचा परिसर कोरडा पुसून घ्यावा आणि त्यावर साधी टाल्कम पावडर भुरभुरावी. फोंड्याहून पणजीपर्यंत जाऊन यावे आणि पाहावे. प्रेशर प्लेटच्या मध्यापासून कडेकडे किरणांसारखे ओघळ गेले असतील तर ऑइल पुशरॉडच्या वाटेने येते आहे. बास्केटच्या, म्हणजे प्लेट्स ज्यात बसतात त्या बाहेरच्या भांड्याच्या, मागे ओल असेल तर मेनशाफ्टचे ऑइल सील गेले आहे. इंजिनच्या पुलीमागे ओल असेल तर क्रँकशाफ्टचे सील पाहावे. वासही मदत करतो : अनेक गिअर ऑइलना गंधकासारखा उग्र वास असतो, इंजिन ऑइलला तो नसतो. ‘अशा गाड्यांचे ते चालायचेच’ हे वाक्य मीही अनेक वर्षे ऐकत आलो आहे. थेंब नुसते जमिनीवर पडत असतील तर ते एक वेळ चालेल, पण क्लचच्या दिशेने उडणारा थेंब चालत नाही.

आणखी एक शक्यता सांगतो आणि ती कोणाचा दोष म्हणून सांगत नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे क्लच ओले असतात, आणि नव्या प्लेट्स बसवण्याआधी त्या ऑइलमध्ये भिजवून ठेवण्याची चांगल्या मेकॅनिकची सवय असते. ओल्या क्लचसाठी ती सवय योग्यच आहे. आपल्या प्लेट्सही त्याच सवयीने भिजवल्या गेल्या असतील, तर त्या पहिल्या दिवसापासूनच बाद होत्या. गॅरेजमध्ये एकदा शांतपणे विचारून घ्यावे.

क्लच उघडायचा झाल्यास कॉइल स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, एकेक फेरा सैल करत काढावेत. डायफ्राम स्प्रिंग असेल तर ती दाबून धरणारे साधन हवेच, पेचकसाने उचकटण्याचा प्रकार करू नये. प्लेट्सवरची भुकटी हवेच्या फवाऱ्याने उडवू नये. जुन्या प्लेट्समध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ब्रेक क्लीनर लावलेल्या फडक्याने ती टिपून घ्यावी. फायबर प्लेट्सची जाडी व्हर्नियरने मोजून नव्या प्लेटशी किंवा किटच्या मर्यादेशी ताडून पाहावी. जाडी पुरेशी असून पृष्ठभाग काळा आणि काचेसारखा चकचकीत झाला असेल, तर प्लेट झिजलेली नसून जळलेली किंवा तेलकट झालेली आहे. अशी प्लेट क्लीनरने धुऊन, जाड काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर हलकी घासून घरी परतण्यापुरती वापरता येते, पण इंजिनच्या उष्णतेने आत मुरलेले ऑइल पुन्हा वर येते, त्यामुळे तिच्यावर घाट चढण्याचा भरवसा ठेवू नये. स्टील प्लेट काचेवर ठेवून कडेने फिलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) घालून पाहावे, सुमारे 0.15 मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसल्यास ती वाकली आहे. निळसर डाग हे तापल्याचे लक्षण आहे. बास्केटच्या बोटांवर प्लेट्सच्या कानांनी ठोकून खाचा पाडल्या असतील तर प्लेट्स त्यांत अडकतात आणि एकमेकींवर नीट बसत नाहीत. उथळ खाच कानशीने सपाट होते, खोल असेल तर बास्केट बदलावी लागते. हब, म्हणजे प्लेट्सच्या आतला, मेनशाफ्टवर बसणारा भाग, काढण्याची वेळ आली तर या जातीच्या गाड्यांत त्याचा नट बहुधा उलट्या आट्यांचा असतो, हे पाना लावण्याआधी तपासावे. नेहमीच्या दिशेने जोर लावून शाफ्टचे आटे गेलेले मी पाहिले आहेत.

बेल्टवरही नजर टाकावी. पुली आणि बास्केट अ‍ॅल्युमिनियमच्या असल्याने तापल्यावर फुगतात आणि बेल्ट आपोआप ताणला जातो. थंड असताना घट्ट दिसणारा बेल्ट पर्वरीच्या कोंडीत तासभर रखडल्यावर मेनशाफ्टच्या आणि क्रँकच्या बेअरिंगवर आडवा जोर देऊ लागतो. म्हणून थंड बेल्ट बोटाने दाबल्यावर मधोमध सुमारे अर्धा इंच हलला पाहिजे. इथेही किटचा आकडा अंतिम मानावा. प्लग काढून इंजिन हाताने फिरवावे : बेल्ट सतत एका कडेला सरकत असेल तर दोन्ही पुली एका रेषेत नाहीत. बेल्टने दात सोडला तर मोठा धडाड असा आवाज येतो, क्लच मात्र मुकाट घसरतो. आपण फक्त इंजिनाचा आवाज चढल्याचे लिहिले आहे, तेव्हा दोष बेल्टचा नसावा.

गाडीला किक असेल तर एक सोपी परीक्षा आहे. या रचनेत किकचा जोर गिअरबॉक्समधून क्लचमार्गे इंजिनला मिळतो. किक मारताना हब फिरला आणि बास्केट जागची हलली नाही, तर घसरण आपल्या डोळ्यांसमोरच झाली.

थोडक्यात, मी आपल्या जागी असतो तर ऑइलची पातळी आणि केबल या दोन गोष्टी याच रविवारी पाहिल्या असत्या, गळणारे सील बदलले असते आणि मगच प्लेट्स मागवल्या असत्या.

प्रश्न : माझ्या गाडीलाही उघडा बेल्ट आणि कोरडा क्लच आहे. पावसाळ्यात ती दोन महिने उभी होती. चतुर्थीनंतर सुरू केली, तर लिव्हर पूर्ण दाबूनही पहिला गिअर टाकताच ती झेप घेऊन बंद पडते. प्लेट्स झिजल्या का? — एक वाचक, पेडणे

उत्तर : नाही. आपली तक्रार वरच्या तक्रारीच्या नेमकी उलट आहे. क्लच घसरत नाही, तो सुटत नाही. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या, दमट हवेत स्टील प्लेट्सवर गंजाचा पातळ थर चढतो आणि त्या फायबर प्लेट्सना चिकटून बसतात. इंजिन बंद ठेवून, वरचा गिअर टाकून, लिव्हर पूर्ण दाबून गाडी पुढे-मागे हिसडावी. बहुतेक वेळा ‘टक्’ आवाज होऊन प्लेट्स सुटतात. गाडी सुरू करून झटक्याने क्लच सोडवण्याचा उपाय काही जण सांगतात, पण त्यात गाडी भिंतीवर जाते. प्लेट्स सुटल्यावरही न्यूट्रल सापडणे जड जात असेल तर क्लच उघडून स्टील प्लेट्स बारीक पॉलिश पेपरने घासून घ्याव्यात. पुढच्या वर्षी गाडी ठेवताना लिव्हर मुठीशी रबराने बांधून ठेवावा, म्हणजे प्लेट्स एकमेकींपासून दूर राहतात. ते जमत नसेल तर आठवड्यातून एकदा घरच्या कोणीही लिव्हर दहा वेळा दाबून सोडला तरी पुरते.

प्रश्न : लिव्हर दाबल्यावर कोरड्या क्लचचा खडखडाट फार होतो. थोडे ऑइल सोडल्यास चालेल का? आणि पावसात बेल्ट पूर्ण झाकून टाकावा का? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : ऑइलचा एक थेंबही नको. सुट्या झालेल्या प्लेट्स बास्केटमध्ये वाजतात, तो आवाज कोरड्या क्लचचा स्वभाव आहे. लिव्हर सोडल्यावरही तो राहिला तरच बेअरिंग आणि बास्केट तपासावी. बेल्ट चहूबाजूंनी बंद केल्यास उष्णता आत कोंडते आणि क्लच लवकर जळतो, तेव्हा बाहेरच्या बाजूने हवेला वाट असलेले गार्ड लावावे. ते पावसासाठी जेवढे, तेवढेच आपल्या रेनकोटसाठीही आवश्यक आहे : सैल रेनकोटचे टोक किंवा पँटचा घोळ चालत्या बेल्टमध्ये सापडला तर सोडवायला वेळ मिळत नाही. इंजिन चालू असताना फडके घेऊन तिथे पुसायला तर कधीच जाऊ नये.