पिल्लू खात नाही, की वाट बघतंय?

“ताई, बाकी काही नको, फक्त कुठलं खाणं आणू तेवढं सांगा. तो खाईल असं.”

कुत्र्याच्या पिल्लाच्या खाण्यासाठी समुपदेशनाला येणारे बहुतेक पालक इथूनच सुरुवात करतात. त्यांच्या आवाजात काळजी असते आणि थोडा संकोचही. एवढंसं पिल्लू, तेही आपल्याला जेववता येत नाही, ही खंत मनात असते. एका पशुवैद्यकीय दवाखान्यात अशा पालकांशी बोलणं हे माझं काम. आजार आणि औषधं डॉक्टर बघतात. आहार, सवयी आणि घरातली घडी यावर मी बोलते. पुढे सांगते आहे तो अनुभव अशाच एका कुटुंबाचा. ओळख पटेल असं काही त्यात ठेवलेलं नाही.

घरात आई, बाबा, शाळेत जाणारी मुलगी आणि आजी. पिल्लू चार महिन्यांचं, लॅब्रेडॉर. ही जात खाण्यासाठी जीव टाकते, असंच सगळ्यांनी ऐकलेलं. म्हणून आई जास्तच घाबरल्या होत्या. “लॅब असून खात नाही म्हणजे नक्की काहीतरी बिघडलंय,” असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. महिन्याभरात घरात पाचवं पाकीट आलं होतं. प्रत्येक नवं खाणं तो दोन दिवस आवडीने खायचा आणि तिसऱ्या दिवशी वाडगं हुंगून तोंड फिरवायचा.

पाकिटांकडे वळण्याआधी मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. खाण्याचे नखरे आणि आजार दुरून सारखेच दिसतात. उलट्या, जुलाब, मलूलपणा, ताप, पाणीही न पिणं, वजन न वाढणं किंवा घटणं यातलं काहीही असेल, तर आधी तपासणी करायची. पिल्लांना पार्व्होसारखे (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) आजार झपाट्याने गाठतात, तिथे थांबून चालत नाही. जंत, तोंडातली जखम, गिळलेली एखादी वस्तू ही कारणंही असतातच.

या पिल्लाची शी तपासली, त्यात काही निघालं नाही. वजन आधीच्या नोंदींच्या तुलनेत छान चढत होतं. पुढचे दुधाचे दात मात्र हलत होते. कुत्र्याचे दुधाचे २८ दात साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरड्या दुखतात, कडक दाणे चावणं नकोसं होतं. एखादं पिल्लू अर्ध्या जेवणातून उठतं ते एवढ्यासाठीही.

वजन वाढतंय आणि पिल्लू तर ‘काहीच खात नाही’. मग हे वजन येतंय कुठून? म्हणून मी दोन गोष्टी मागितल्या. दिवसभरात त्याच्या तोंडात कुणाकडून काय जातं त्याची नोंद, आणि त्याच्या एका जेवणाचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ.

व्हिडिओ जेमतेम चार मिनिटांचा होता, पण तो मी आईंबरोबर दोनदा पाहिला. वाडगं जमिनीवर येतं. पिल्लू नाक लावतं, दोन दाणे उचलतं, एक खाली टाकतं. मग वाडग्याकडे पाठ करून बसतं आणि वर, आईंच्या चेहऱ्याकडे बघतं. आई उकिडव्या बसतात, “खा ना रे राजा,” म्हणतात, एक दाणा हातात धरून पुढे करतात. ते मान वळवतं. मागून आजींचा आवाज येतो, “अगं, त्याला थोडं चिकन कालवून दे.” चिकन येतं. पिल्लू चिकन वेचून खातं, दाणे तसेच ठेवतं आणि परत वर बघतं.

दुसऱ्यांदा बघताना आई स्वतःच म्हणाल्या, “तो वाट बघतोय.”

हो, वाट बघतोय. यात लबाडी नाही आणि हट्टही नाही. वाडगं सोडून वर बघितलं की अधिक चविष्ट काहीतरी येतं, हे त्याला अनुभवातून कळलंय. कधी लगेच येतं, कधी उशिरा, पण येतं. असं कधीमधी मिळणारं बक्षीस सवय सर्वांत घट्ट करतं, हे वर्तनशास्त्राने फार पूर्वी दाखवून दिलंय. दर थोड्या दिवसांनी येणारं नवं पाकीट हेही त्यातलंच बक्षीस.

नोंद त्याहून बोलकी निघाली. सकाळी आजींकडून एक उकडलेलं अंडं. मुलगी शाळेतून आली की चीजचे दोन क्यूब. बाबा ‘बस’, ‘शेक हँड’ शिकवताना दहाएक बिस्किटं. जेवणात कालवलेलं चिकन शंभर ग्रॅमच्या आसपास. प्रत्येकाच्या मते आपण देतो ते ‘अगदी थोडंसं’. बेरीज केली तर ती ५०० किलोकॅलरीच्या घरात गेली. चौदा किलोच्या, चार महिन्यांच्या पिल्लाची दिवसाची गरज ढोबळमानाने हजाराच्या आसपास असते. म्हणजे निम्मं पोट वाडग्याबाहेरच भरत होतं. वरचा खाऊ दिवसाच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असा साधारण संकेत आहे. त्याचं कारण लठ्ठपणापुरतं नाही. चिकन, चीज, बिस्किटं यांतून वाढीला लागणारी खनिजं आणि जीवनसत्त्वं योग्य प्रमाणात मिळत नाहीत. वाढत्या हाडांसाठी ते प्रमाण नीट असणं फार गरजेचं असतं.

मग आम्ही पाचही पाकिटं टेबलावर मांडली. इथे मी वेळ घेते, कारण चांगलं खाणं कसं ओळखायचं हा पालकांचा खरा प्रश्न असतो आणि त्याचं नीट उत्तर त्यांना क्वचित मिळतं.

पाकीट पुढून वाचूच नका, उलटं करा. मागे बारीक अक्षरात एक वाक्य असतं: हे खाणं ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ म्हणजे परिपूर्ण आणि संतुलित आहे का, आणि कुठल्या वयासाठी. पिल्लासाठी तिथे ‘ग्रोथ’ किंवा ‘ऑल लाइफ स्टेजेस’ असं हवं. पाचातलं एक पाकीट पूर्ण वाढलेल्या कुत्र्यांसाठीचं, ‘अ‍ॅडल्ट मेंटेनन्स’ निघालं. आणि पिल्लाला जे सर्वांत आवडलं होतं, त्या पाउचवर ‘कॉम्प्लिमेंटरी’ असं लिहिलेलं होतं. म्हणजे ते पूरक खाणं, पूर्ण जेवण नव्हे. आई ते रोज दोन वेळा देत होत्या. ‘पपी’ हा शब्द आणि गोंडस पिल्लाचा फोटो पुढे ठळक, हे वाक्य मागे कोपऱ्यात. त्यांना ते दिसलं नाही यात त्यांचा काय दोष?

वाढीचे निकष वेगळे असतात. अमेरिकेतल्या ‘आफ्को’ या संघटनेने ठरवलेल्या निकषांनुसार पाण्याचा अंश वजा केल्यावर वाढीच्या खाण्यात किमान २२.५ टक्के प्रथिनं आणि ८.५ टक्के स्निग्धांश हवा. पूर्ण वाढलेल्या कुत्र्यासाठी हेच आकडे १८ आणि ५.५ आहेत. युरोपात पशुखाद्य उद्योगाच्या ‘फेडियाफ’ या संघटनेचे निकष आहेत.

‘पाण्याचा अंश वजा केल्यावर’ हे शब्द महत्त्वाचे. आईंनी एक पाउच दाखवून विचारलं, “यात फक्त आठ टक्के प्रोटीन, आणि कोरड्यात सव्वीस. मग हे हलकंच ना?” आम्ही गणित मांडलं. पाउचमध्ये ७८ टक्के पाणी, म्हणजे कोरडा भाग २२. त्यात प्रथिनं ८, म्हणजे जवळजवळ ३६ टक्के. कोरड्या दाण्यांत पाणी १० टक्के, कोरडा भाग ९०. त्यात २६, म्हणजे सुमारे २९ टक्के. आकडे शेजारी ठेवून तुलना करायची, तर आधी पाणी काढायला हवं.

लॅब्रेडॉरसारख्या मोठ्या जातीला आणखी एक वाक्य शोधावं लागतं. पूर्ण वाढल्यावर साधारण ३२ किलो किंवा त्याहून जड होणाऱ्या पिल्लांसाठीही हे खाणं चालतं, असं लेबलवर स्पष्ट असावं. अशा खाण्यात कॅल्शियमची वरची मर्यादा १.८ टक्के असते, इतर पिल्लांसाठी ती २.५ आहे. आतड्यातून शोषलं जाणारं जास्तीचं कॅल्शियम लहान पिल्लाला नीट आवरता येत नाही, आणि त्याचा फटका हाडांना व सांध्यांना बसतो. मी हे सांगत असताना बाबांनी हळूच विचारलं, “आणि आम्ही वरून कॅल्शियमची पावडर देतो ती?” डॉक्टरांशी बोलून ती त्याच दिवशी बंद झाली. संतुलित खाण्यावर वरून कॅल्शियम ही मोठ्या जातीच्या पिल्लांच्या घरांत मला वारंवार दिसणारी गोष्ट आहे. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, म्हणून हे जरा ठासून सांगते.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पण ते वजन शिजवण्यापूर्वीचं. ताज्या चिकनमध्ये बराचसा भाग पाणीच, त्यामुळे ते सहज पहिल्या क्रमांकावर येतं. ‘चिकन मील’ म्हणजे पाणी आणि चरबी काढलेलं चिकन. नाव कानाला बरं वाटत नाही म्हणून ते निकृष्ट ठरत नाही. नावांनाही नियम आहेत. अमेरिकी नियमांत ‘विथ चिकन’ म्हणायला ३ टक्के चिकन पुरतं, ‘चिकन डिनर’ला किमान २५ टक्के लागतं, आणि ‘चिकन फ्लेवर’ला फक्त चव ओळखू आली की झालं. ‘प्रीमियम’, ‘होलिस्टिक’ या शब्दांमागे कुठलाही बंधनकारक निकष नाही. ‘ग्रेन-फ्री’बद्दलही पालक विचारतात. अशी काही खाणी, विशेषतः वाटाणा-मसूर भरपूर असलेली, आणि कुत्र्यांमधला हृदयाचा एक आजार यांचा संबंध आहे का, याचा तपास अमेरिकेच्या ‘एफडीए’ने (अन्न आणि औषध प्रशासनाने) २०१८ मध्ये जाहीर केला. थेट कारण सिद्ध झालेलं नाही. पण धान्य सोसत नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं नसेल, तर धान्य टाळण्यासाठी जास्त पैसे मोजायचं कारण मला दिसत नाही.

कंपनीला थेट विचारा, हेही मी सांगते. खाणं कोण बनवतं, पशुआहारातला तज्ज्ञ त्यांच्याकडे आहे का, अमुक खाण्यात नेमकं किती कॅल्शियम आणि किती कॅलरी. सरळ उत्तर देणारी कंपनी आणि टोलवाटोलवी करणारी कंपनी यांतला फरक एका ईमेलमध्ये कळतो.

आजींना यातलं काही फारसं पटत नव्हतं. “घरचं ताजं द्यायचं सोडून हे दाणे?” त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. घरी शिजवूनही देता येतं, पण पशुआहारतज्ज्ञाने त्या पिल्लासाठी आखून दिलेल्या पाककृतीनेच. डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांसाठीच्या घरगुती अन्नाच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा ९५ टक्के पाककृतींत एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. वाढत्या वयात ही उणीव लवकर भोवते.

पाचांपैकी दोन खाणी सगळ्या कसोट्यांना उतरली. त्यातलं एक त्यांनी निवडलं आणि आम्ही ठरवलं की आता ते बदलायचं नाही. जुन्यातून नव्यावर जाताना सात ते दहा दिवस घ्यायचे, रोज थोडं प्रमाण वाढवत. हिरड्या दुखतात म्हणून दाणे कोमट पाण्यात भिजवायचे. कोमट खाण्याचा वास उठतो, आणि कुत्र्याची चव बरीचशी नाकातूनच ठरते. दिवसातून तीन वेळा, ठरल्या वेळी. वाडगं ठेवायचं, पंधरा-वीस मिनिटांनी उचलायचं, उरलं तरी काही न बोलता. आर्जवं नाहीत, हातानं भरवणं नाही, मध्येच काही कालवणं नाही.

एक इशारा इथेच देते. हा मार्ग डॉक्टरांनी तपासलेल्या, धडधाकट पिल्लासाठी आहे. अगदी लहान जातीच्या किंवा खूप कोवळ्या पिल्लांची साखर उपाशीपोटी एकदम खाली येऊ शकते. ती थरथरतात, लुळी पडतात, आणि मग तातडीने दवाखाना गाठावा लागतो. त्यांच्याबाबतीत एकही जेवण चुकवून बघायचं नसतं.

आईंना सर्वांत जड गेलं ते वाडगं उचलणं. “तो उपाशी आणि मी जेवायला बसू?” हे विचारताना त्यांचे डोळे भरून आले. त्यांना धीर देताना मी त्यांच्यासमोर वजनाचा तक्ता ठेवला. मग पिल्लाच्या बरगड्या हाताने चाचपायला शिकवलं. हलक्या स्पर्शाला लागतात, वरून कंबर दिसते, म्हणजे शरीर ठीक. हडकुळ्यापासून लठ्ठापर्यंत शरीर मोजणाऱ्या नऊ पायऱ्यांच्या मोजपट्टीवर चार-पाच. काळजी वाटली की वाडग्याकडे न बघता इथे हात लावायचा. मला वाटतं, त्या दिवशी खाण्याच्या निवडीपेक्षा त्यांना हेच जास्त हवं होतं: पिल्लू ठीक आहे हे स्वतःच्या हाताला कळणं.

आजींकडे मात्र नवं काम आलं. रोज सकाळी दिवसाचे दाणे वजनकाट्यावर मोजायचे आणि त्यातले मूठभर वेगळ्या डब्यात काढायचे. बाबांनी शिकवताना, मुलीने लाडाने द्यायचं ते याच डब्यातलं. देण्याचा आनंद कुणाचा हिरावला नाही, डबा फक्त एक झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळचं वाडगं जसंच्या तसं उचललं गेलं. दुपारी त्याने चौथाई खाल्लं. आईंचा फोन आला. तो पाणी पितोय का, खेळतोय का, शी कशी आहे, एवढं मी विचारलं. सगळं ठीक होतं. संध्याकाळी त्याने वाडगं चाटून पुसून ठेवलं. नंतरही सगळं सरळ रेषेत गेलं नाही. पाहुणे आले आणि कुणीतरी केक भरवला, पुढचे दोन दिवस पुन्हा तोंड फिरवणं. सुळे येताना पुन्हा मंदावला. पण घरात सहावं पाकीट आलं नाही.

अलीकडे आईंनी विचारलं, आता सहा महिन्यांचा झाला, अंडं अगदीच बंद का? द्या की, दहा टक्क्यांच्या आत, आणि जेवण संपल्यावर. वाडगं सोडलं म्हणून नाही. जेवणं दोन वेळा केली तरी चालतील. पूर्ण वाढलेल्या कुत्र्यांच्या खाण्यावर मात्र इतक्यात जायचं नाही. लॅब्रेडॉरची वाढ पूर्ण व्हायला साधारण एक ते दीड वर्ष लागतं, तोवर हेच, आणि बदलायची वेळ आली की पुन्हा सात ते दहा दिवस घेऊन, हळूहळू.