चोर सापडू नये असं का वाटतं?

प्रश्न : दरोड्याचे सिनेमे पाहताना आपण चोरांच्या बाजूने का होतो?

उत्तर : कारण आपणही त्यांच्याबरोबर कामाला लागलेले असतो! १९५५ चा फ्रेंच सिनेमा ‘रिफिफी’ बघा. दरोडा जवळजवळ अर्धा तास चालतो. संवाद नाही, संगीत नाही. वरच्या मजल्याच्या जमिनीला भोक पाडून मिटलेली छत्री खाली सोडतात, तिथे ती उघडतात आणि पडणारा चुना-माती तिच्यात झेलतात, आवाज होऊ नये म्हणून. मी दरवेळी तिथे श्वास रोखून बसते. कसबी हात चालताना बघण्यात सुख आहे, मग ते सुताराचे असोत की चोराचे. आणि हो, दरोड्याचा बेत प्रेक्षकांना आधीच तपशीलवार सांगितला, तर तो बहुधा फसणार; लपवून ठेवला, तर तडीस जाणार. नुसत्या गोळीबारात मात्र माझं मन रमत नाही.