मिठाच्या कुंपणाचे राखणदार

प्रश्न : इंग्रजी अमलात मिठाची चोरटी वाहतूक रोखण्यासाठी शेकडो मैल काटेरी कुंपण उभारले होते, असे वाचनात आले. ते राखणारे कोण होते आणि त्यांना चोरटी वाहतूक थांबवता आली का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : कुंपण खरोखरच होते. ते जकातीच्या ज्या सरहद्दीवर उभे होते तिला लोक ‘परमट लाइन’ म्हणत. १८७० च्या सुमारास ही सरहद्द सिंधू नदीपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैल पसरली होती आणि तिच्यावर जवळजवळ १२,००० माणसे पहाऱ्याला होती. उत्तर हिंदुस्थानात मिठावर मणामागे ३ रुपये कर होता, तर राजपुतान्यातील संस्थानांमध्ये सांभर सरोवराचे मीठ त्या मानाने फार स्वस्त मिळे. हा फरक टिकवणे, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप होता.

१८६७ मध्ये या खात्याचे आयुक्त झालेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम (पुढे १८८५ साली मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनामागचे तेच ह्यूम) यांनी वाळक्या फांद्यांच्या कुंपणाऐवजी जिवंत कुंपण वाढवण्यावर भर दिला. वाळक्या कुंपणाला वाळवी लागे, आग लागे, वादळात ते उडून जाई. त्यामुळे बाभूळ, करवंद, निवडुंग, थोर अशी झाडे लावण्यात आली, आणि जकातीच्या शिपायांना पहाऱ्याबरोबर माळ्याचेही काम करावे लागले.

चोरटे व्यापारी मिठाची पोती कुंपणावरून पलीकडे फेकत, कधी मीठ लादलेल्या जनावरांचे तांडे घुसवून कुंपण फोडत. शिपायाचा पगार तुटपुंजा असल्याने लाच खाऊन वाट मोकळी करून देणारेही त्यांच्यात होते. त्यांच्या प्रामाणिकपणाची परीक्षा रोज होत असे, हे मान्य करूनही मला त्यांच्याहून अधिक कळवळा वाटतो तो चिमूटभर मिठासाठी झडती सोसणाऱ्या गरिबांचा.

चोरटी वाहतूक पहाऱ्याने थांबली नाही. जयपूर आणि जोधपूर संस्थानांशी करार करून सरकारने सांभरचे उत्पादन ताब्यात घेतले, १८७८ मध्ये प्रांतोप्रांतीच्या करांमधील तफावत कमी केली, आणि मगच, १ एप्रिल १८७९ रोजी, या सरहद्दीचा बहुतेक भाग मोडीत काढण्यात आला. कर मात्र कायम राहिला. तो आता थेट मिठागरावरच वसूल होऊ लागला.