हौसेचा कट्टा : तंबोरा, घाटाचा दगड आणि पाठांतर

प्रश्न : वय ५४. मुलं शिकायला बाहेर, सकाळी दहानंतर घर मोकळं. लहानपणी राहून गेलेलं गाणं आता शिकायला लागले आहे. विश्रामबागला राहते, मिरज हाकेच्या अंतरावर, म्हणून तिथूनच तंबोरा घ्यावा असं मनात आहे. घरचे म्हणतात, मोबाईलमध्ये तंबोरा असतोच की, या वयात एवढा खर्च कशाला? घ्यावा का? आणि मला तो जुळवता येईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, घरच्यांचं अर्धं बरोबर आहे. पहिले तीन-चार महिने मोबाईलवरच गा, पण ते वयासाठी किंवा खर्चासाठी नव्हे. तंबोऱ्याची लांबी आणि तारांची जाडी पट्टीवर, म्हणजे तुमचा ‘सा’ किती उंच त्यावर ठरते, आणि नव्यानं शिकणाऱ्याची पट्टी सुरुवातीला हलत असते. बहुतेक बायकांचा षड्ज, म्हणजे ‘सा’, पेटीच्या काळी चार ते काळी पाचच्या आसपास बसतो. भीड असते तोवर पुष्कळ जणी त्याच्या खालीच गातात. खालच्या पट्टीचा तंबोरा घेतला आणि पुढे तारा वर ताणल्या, की तार तटकन तुटते. उलट, वरच्या पट्टीचा तंबोरा फार खाली उतरवला तर तारा सैल पडतात आणि जवारी, म्हणजे तारेचा तो झंकार, बोलतच नाही.

पट्टी अशी शोधा : मंद्र पंचम (खालचा ‘प’) नीट ऐकू येईल असा लागतो आणि तार गंधार (वरचा ‘ग’) मान न ताणता लागतो, तो षड्ज तुमचा. सकाळी गळा जड असतो, म्हणून चार-पाच दिवस सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पाहा आणि गुरूंकडून खात्री करून घ्या.

मिरजेत तंतुवाद्यं घडवणाऱ्या घराण्यांच्या पिढ्या झाल्या. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. दुकानात ‘लेडीज तंबोरा दाखवा’ एवढंच म्हणू नका, पट्टी सांगा. नक्षी शेवटी बघा. आधी भोपळ्यावर ठिकठिकाणी बोटानं हलकी टिचकी मारा. एखाद्याच जागी आवाज फुटका आला तर तडा असू शकतो. दांडी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहा, दांडी आणि भोपळ्याच्या जोडावरून नख फिरवा. प्रत्येक खुंटी हळू फिरवा : ती झटके देत फिरायला नको आणि हात सोडल्यावर मागे यायला नको. चारही तारांची जवारी लागते का, हे समोर बसून ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता जुळवणं. आधी मधल्या दोन तारा, म्हणजे जोड, षड्जावर आणा. दोन्ही एकत्र छेडल्यावर आवाजात लाट ऐकू येते. तारांचे स्वर जवळ येतील तशी ती संथ होते आणि मिळाल्या की थांबते; कान तयार नसला तरी ही लाट कुणालाही ऐकू येते. मग खर्ज, म्हणजे खालच्या ‘सा’ची शेवटची तार, आणि शेवटी पंचमाची पहिली. खुंटीनं फक्त जवळ यायचं, उरलेलं तारेत ओवलेल्या मण्यानं : मणी घोडीपासून (भोपळ्यावरच्या ज्या पट्टीवर तारा टेकतात तिच्यापासून) लांब, खालच्या टोकाकडे सरकवला की स्वर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो.

मग घोडीवरचा, तारेखालचा सुती धागा. तार छेडत राहा आणि धागा केसभर सरकवत जा. एका जागी ठोंबळ आवाज एकदम उघडतो, भुंगा आत शिरल्यासारखा गुणगुणतो. तिथेच थांबा. पुढे गेलात तर करकर येते आणि मग सगळेच म्हणतात ‘तंबोरा खराब आहे’. धागा हलला की स्वरही किंचित हलतो, तेव्हा मण्यानं पुन्हा पाहायचं. पहिल्या आठवड्यात या सगळ्याला अर्धा तास लागला तरी तो रियाजच समजा.

वाजवताना मधल्या बोटानं पहिली तार, तर्जनीनं उरलेल्या तिन्ही. बोट तारेवरून ओढायचं, टोचायचं नाही. आणि गाण्याच्या तालाशी हा ठेका बांधू नका.

पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात आकसून घसरतात. घसरणाऱ्या खुंटीला साधा खडू घासा आणि फिरवताना आत दाबा. अडकलेली खुंटी जरा बाहेर ओढत फिरवा. तेल अजिबात नको. राहिला वयाचा मुद्दा. मिरजेत मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते, तिथे घरच्यांना घेऊन जा. तंबोरे समोर झंकारताना ऐकले की मोबाईलचा मुद्दा बहुधा परत निघणार नाही.

प्रश्न : नोकरी खासगी कंपनीत, रविवार तेवढा माझा. दोन वर्षांपासून जलरंग करतो. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटाचं चित्र चार वेळा केलं; दर वेळी दगड कोळशासारखा आणि सगळं चित्र गढूळ. हात चांगला नाही असं समजून सोडून देऊ का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : हाताला कशाला दोष देता? पेटीतला काळा रंग काढून ठेवा, अर्धं दुखणं तिथेच आहे. घाटाचा काळा पाषाण उन्हात काळा दिसतच नाही. सकाळी पायऱ्यांचा वरचा भाग उबदार राखाडी असतो, उभी बाजू निळसर, आणि पाण्याला टेकलेल्या पायऱ्या ओल्या म्हणून गडद. हे तिन्ही बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन या दोनच रंगांतून निघतं : उन्हासाठी तपकिरी जास्त आणि भरपूर पाणी, सावलीसाठी निळा जास्त, ओल्या पायरीसाठी दोन्ही दाट.

गढूळपणाची कारणं मात्र तीन. एका मिश्रणात तीनपेक्षा जास्त रंग, एकाच जागी पुन्हा पुन्हा ब्रश, आणि अर्धवट सुकलेल्या थरावर दुसरा थर. तिसरं सगळ्यात वाईट, कारण खालचा रंग उखडतो आणि कडेला फुलकोबीसारखे डाग पडतात. कागदाला हाताची मागची बाजू टेकवा. गार लागला तर अजून ओला आहे. पावसाळ्यात वाईकडे हवा इतकी दमट असते की थर सुकता सुकत नाही, म्हणून दोन कागद लावून आलटून पालटून काम करा. कागद ३०० जीएसएमचा घ्या, पातळ कागद पाण्यानं फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. दहा-बारा नंबरचा एक गोल ब्रश आणि सहा नंबरचा एक, बास. पाण्याच्या बरण्या दोन : एकीत ब्रश धुवायचा, दुसरीतलं पाणी रंगाला.

कागदावर थेट ऊन येऊ देऊ नका. पांढऱ्या झगझगाटात रंगाचा अंदाज चुकतो आणि घरी आल्यावर चित्र वेगळंच निघतं. बसल्याबसल्या पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांच्या कडा पेन्सिलीनं आखून घ्या. तास-दीड तासात त्या सरकतात, त्यांच्यामागे धावलात की चित्रात दोन सूर्य होतात. घाटावरच्या देवळातली, वसईच्या मोहिमेतून आणलेली ती मोठी घंटा सगळ्यांना आधी काढायची असते. तुम्ही तिला पाचव्या चित्रापर्यंत थांबवा, आधी नुसत्या सहा पायऱ्या काढा.

एखादा रविवार ब्रश घरी ठेवून औंधला जा. श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. ती तैलरंगातली, पण सावलीत काळ्याऐवजी काय काय रंग दिसतात हे जवळून बघायला मिळतं. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या.

प्रश्न : एसटीतून निवृत्त झालो, वय ६१. नाटकात काम करायची हौस आहे, गावातल्या हौशी मंडळींनी बोलावलंही. पण पाठांतर राहत नाही. घरी येतं, तालमीत उडतं.
— एक वाचक, तासगाव

उत्तर : काका, तुम्ही फक्त स्वतःची वाक्यं पाठ करत असणार. तालमीत वाक्य आठवतं ते समोरच्याच्या वाक्याचं शेपूट कानावर पडल्यामुळे. म्हणून समोरच्याचे शेवटचे तीन-चार शब्द आणि त्याला जोडून तुमचं वाक्य, अशी जोडी पाठ करा. समोरच्याची वाक्यं मोबाईलवर रेकॉर्ड करून मध्ये तुमच्यापुरती जागा मोकळी सोडा. पाठ करताना भाव घालू नका, सपाट म्हणा. एकदा चाल लागली की दिग्दर्शकानं कितीही सांगितलं तरी ती सुटत नाही. हालचाल ठरल्यावर तीच वाक्यं चालत म्हणा. खुर्चीत बसून केलेलं पाठांतर उभं राहिल्यावर उडतं, तुमचं तेच होतंय.

पहिल्याच वर्षी मोठी भूमिका मागू नका. एका नाटकाला प्रॉम्प्टिंग करा, म्हणजे आडून नटांना वाक्यं सुचवा, अख्खी संहिता आपोआप तोंडात बसते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हापासून या जिल्ह्यात हौशी नटांना तोटा नाही. पण वेळेवर येणारा प्रॉम्प्टर मिळाला तर मंडळी त्याला सोडत नाहीत.

प्रश्न : मुलीला घेऊन कासला जायचं आहे. तिला फुलांची वही करायची आहे. थोडी फुलं दाबून ठेवायला आणली तर चालतील?
— एक वाचक, कराड

उत्तर : एकही नाही. फुलं तोडायला मनाई आहे, आणि तोडलेला तेरडा तसाही घरी पोचेपर्यंत लोळागोळा होतो. वहीसाठी पेन्सिल, दहापट दाखवणारं भिंग आणि पट्टी घ्या. पायवाटेवरूनच, एका फुलाला दहा मिनिटं : पाकळ्या किती, पानं समोरासमोर की एकाआड एक, उंची किती बोटं. दिवसाला पाच फुलं खूप झाली. सप्टेंबरमधला कामाचा वार निवडा आणि बुकिंग आधी करा. धुक्यात कागद मऊ पडतो, वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून लागेल तेवढीच बाहेर काढा. सीतेची आसवं दिसली की मुलीला सांगा, हे निळं-जांभळं नाजूक झाड कीटकभक्षी आहे, बारीक जीव पकडायच्या त्याच्या पिशव्या ओल्या मातीत असतात. त्या तिला दिसणार नाहीत, पण वहीत काढायला हरकत नाही.